सहा हजार चौरस फुटांचं सार्वभौमत्व

शहाण्या माणसाला सरकारचा राग आला की तो काय करतो? वर्तमानपत्राला पत्र लिहितो. ते छापून आलं नाही की चिडचिड करतो आणि शेवटच्या तारखेला रात्री साडेअकरा वाजता निमूटपणे कर भरून झोपतो. असल्या माणसाच्या हातून इतिहास घडत नाही. इतिहासाला वेगळा माणूस लागतो. सरकारचा राग आला की तो उठतो, समुद्रात जातो आणि स्वतःचं वेगळं सरकार काढतो. आपल्याकडे अशा माणसांचं मनासारखं कौतुक झालेलं नाही. संगणकाच्या धंद्यातल्या मंडळींनी तर या क्षेत्रात जे करून ठेवलंय, त्याची नीट नोंदसुद्धा नाही. ती उणीव भरून काढायचा हा अल्पसा प्रयत्न.

या विषयात १९६७ हे साल फार भाग्याचं. त्या एका वर्षात दोन बेटांनी बंडाचा झेंडा उभारला. पैकी एक खरंखुरं बेट होतं. त्याच्याकडे नंतर वळू, कारण खऱ्या बेटांत तशी मजा कमी.

दुसरं बेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं एक ठाणं. इंग्लंडच्या सफक किनाऱ्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर काँक्रीटचे दोन पोकळ खांब समुद्रात उभे केलेले आणि वर विमानविरोधी तोफांसाठी फलाट. युद्ध संपलं, तोफा गेल्या, फलाट राहिला. रॉय बेट्स नावाचे एक निवृत्त मेजर बिनपरवान्याचं रेडिओ केंद्र चालवायचे, त्यांनी तो बळकावला. २ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी 'सीलँड' हे स्वतंत्र राष्ट्र झाल्याचं जाहीर केलं. तारीख पत्नीच्या वाढदिवसाची निवडली आणि तिला प्रिन्सेस केलं. बायकोला वाढदिवसाला काय द्यायचं, हा प्रश्न इतका मुळातून सोडवलेला नवरा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

देशाचं क्षेत्रफळ सुमारे साडेपाचशे चौरस मीटर. आपल्या हिशेबात सहा हजार चौरस फुटांना थोडं कमी, तेही ओपन टेरेस धरून. पण देश फुटांत मोजायचा नसतो. वर्षभरातच राजपुत्रानं जवळ आलेल्या ब्रिटिश बोटीच्या दिशेनं इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या. प्रकरण चेम्सफर्डच्या कोर्टात गेलं. तेव्हा ब्रिटनची सागरी हद्द तीन मैलांची होती, त्यामुळे ही जागा आमच्या अधिकारात येत नाही, असं कोर्टानं सांगितलं. शहाणा माणूस म्हणाला असता, चला, सुटलो. बेट्स कुटुंबानं तो निकाल राज्यघटना म्हणून जपला. पुढे १९८७ मध्ये ब्रिटननं हद्द तीनाची बारा मैल केली आणि सीलँड तिच्यात अलगद येऊन पडलं. पण राज्यघटनेत दुरुस्ती झाली नाही.

मधल्या काळात या राष्ट्राला काही कमी पडलं नाही. १९७८ मध्ये, राजेसाहेब परदेशात असताना, स्वतःला पंतप्रधान म्हणवणाऱ्या एका जर्मन गृहस्थानं भाडोत्री माणसं पाठवून राष्ट्र ताब्यात घेतलं आणि राजपुत्राला कोंडून ठेवलं. राजेसाहेब हेलिकॉप्टरनं परतले, राष्ट्र परत जिंकलं आणि एका जर्मन वकिलाला देशद्रोहाबद्दल कैद केलं. त्याला सोडवायला पश्चिम जर्मनीनं एक राजनैतिक अधिकारी धाडला. तो आला याचाच अर्थ जर्मनीनं आम्हाला मान्यता दिली, असं राजेसाहेबांनी काढलं. म्हणजे सहा हजार चौरस फुटांत बंड, आक्रमण, राजद्रोह, युद्धकैदी आणि परराष्ट्र धोरण सगळं बसवलं. आमचे वास्तुविशारद तेवढ्यात दोन बाथरूमही धड बसवत नाहीत. नव्वदच्या दशकात सीलँडचे बनावट पासपोर्ट विकणारी टोळी निघाली, तेव्हा सरकारनं संतापून सगळेच पासपोर्ट रद्द केले. जो देश नाही, त्याचे पासपोर्ट नकली निघाले म्हणून कुणाला संताप यावा, याहून मोठी राष्ट्रभक्ती काय असते?

हे सगळं पूर्वपीठिका म्हणून. आता संगणक.

इंटरनेटनं जगाला सांगितलं की यापुढे माणूस कुठे बसलाय याला महत्त्व नाही. यावरून शहाण्यांनी काढलेला निष्कर्ष अगदीच सपक होता: मग घरीच बसावं. पण काही तरुणांनी याच वाक्यावरून ठरवलं की, ज्या अर्थी जागेला महत्त्व नाही, त्या अर्थी उत्तर समुद्रातल्या गंजक्या फलाटावर जाऊन राहायला हवं. या दोन विधानांच्या मधली जी उडी आहे, तिला मी मनोभावे नमस्कार करतो. मारुतीची उडी निदान कुणाच्या तरी सांगण्यावरून होती.

शॉन हेस्टिंग्ज, रायन लॅकी आणि मंडळींनी २००० साली सीलँडवर 'हेवनको' नावाची कंपनी काढली. कल्पना अशी की, ज्याला आपली माहिती सरकारांच्या नजरेपासून लांब ठेवायची असेल त्यानं आपला सर्व्हर इथे ठेवावा. इथे कोर्ट नाही, समन्स नाही, झडती नाही. लॅकी तेव्हा विशीतला, एमआयटी अर्धवट सोडलेला. 'वायर्ड' मासिकानं त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. सुरक्षेचा आराखडा तर वाचण्यासारखा होता. सर्व्हरच्या खोल्यांत शुद्ध नायट्रोजन भरायचा, म्हणजे घुसखोर आत शिरताच गुदमरेल. सर्व्हर बिघडला तर? मग इंजिनिअरनं पाणबुड्यासारखी हवेची टाकी पाठीला बांधून आत जायचं. आमच्या ऑफिसात सर्व्हर रूममध्ये एसी फार लागतो म्हणून स्वेटर घालून बसणारे लोक स्वतःला कष्टाळू समजतात.

कायद्यापासून मुक्त अशा या भूमीवर कंपनीनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर नियमावली केली. बालकांची अश्लील चित्रं चालणार नाहीत, इथून दुसऱ्यांच्या संगणकांवर हल्ले करायचे नाहीत आणि स्पॅम पाठवायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी कुणीही लिहील. पण जगातल्या यच्चयावत कायदेमंडळांना झुगारून, वारा-लाटा सोसत, डिझेलच्या जनरेटरवर उभ्या केलेल्या स्वातंत्र्याचं तिसरं कलम जाहिरातीच्या ई-मेलविरुद्ध असावं, यात मला फार मोठी माणुसकी दिसते.

हुकूमशाहीशी लढणारे लोक इथे आपली कागदपत्रं दडवतील, असा कंपनीचा होरा होता. गिऱ्हाईक आलं ते बहुतांशी ऑनलाइन जुगाराचं, आणि तेही बोटांवर मोजण्याइतकं. समुद्रातून टाकायची फायबरची तार कधी टाकलीच गेली नाही. तुटपुंज्या बिनतारी जोडणीवर कारभार चालायचा. थोडक्यात, जगातली सर्वात सुरक्षित माहिती आणि तिच्यापर्यंत पोहोचायला अडचण. खरं पाहता सुरक्षेची व्याख्या याहून काटेकोर करता येणार नाही.

मग आला सर्वोच्च क्षण. सिनेमांच्या डीव्हीडी परस्पर प्रक्षेपित करणाऱ्या एका गिऱ्हाइकाची योजना कंपनीपुढे आली. राजघराण्यानं नकार दिला. उगीच इंग्लंडशी वाकडं कशाला घ्यायचं? जिथे एकही कायदा नव्हता तिथे सरकारची परवानगी लागली आणि ती मिळाली नाही! लॅकीनं २००२ मध्ये बेट सोडलं, पुढच्या वर्षी लास वेगासच्या एका हॅकर परिषदेत उभं राहून सगळं का फसलं ते सांगितलं, आणि कंपनी राजघराण्याच्या हातात गेली. जगभरच्या सरकारांपासून पळालेल्या कंपनीचं शेवटी राष्ट्रीयीकरण झालं. आपल्याकडे बँकांना त्यासाठी अध्यादेश लागला होता.

२००६ च्या जूनमध्ये तिथल्या जनरेटरला आग लागली. फलाटावर होता एक राखणदार. त्याला उचलून इस्पितळात नेणारं हेलिकॉप्टर ब्रिटिश हवाई दलाचं होतं. आपल्या विमानदलानं परक्या राष्ट्राच्या हवाई हद्दीत विनापरवाना प्रवेश केल्याबद्दल ब्रिटननं माफी मागितल्याचं कुठे दिसत नाही. २००८ पर्यंत हेवनकोही बंद झाली. सीलँड मात्र आहे. तिथल्या लॉर्ड आणि लेडी या पदव्या विकत मिळतात, आणि त्या धंद्यात आजवर कुणाला हवेची टाकी बांधावी लागलेली नाही.

इथे एखादा म्हणेल की, चला, पुढच्यास ठेच मागचा शहाणा. या म्हणीनं मानवजातीचं अपरिमित नुकसान केलंय. सुदैवानं मागच्यांना मराठी येत नव्हतं.

चॅड एल्वार्टोव्स्की हे बिटकॉइनमध्ये पैसे केलेले अमेरिकन गृहस्थ. २०१९ मध्ये थायलंडच्या फुकेतपासून बारा मैलांच्या हद्दीपलीकडे त्यांनी जोडीदारासह एक अष्टकोनी पांढरी तरंगती खोली थाटली. दोनेक महिने मुक्त माणूस म्हणून राहिले. थायलंडचं म्हणणं पडलं की हा आमच्या सार्वभौमत्वावर घाला आहे. ज्या कलमाखाली तक्रार झाली त्यात कमाल शिक्षा देहदंडाची. दोघं वेळीच निसटले आणि त्यांचा देश नौदलानं दोरानं ओढत किनाऱ्याला आणला. दोरानं ओढून नेता येतो, एवढी एक गैरसोय सोडली तर त्या देशात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

यावर शहाणा माणूस खचला असता. हे मोठ्या जागेत गेले. २०२० च्या अखेरीस, म्हणजे कोविडनं जगातली क्रूझ जहाजं नांगर टाकून पडलेली असताना, एल्वार्टोव्स्की, रुडिगर कॉख आणि ग्रँट रोमुंड यांच्या कंपनीनं 'पॅसिफिक डॉन' हे सुमारे २४५ मीटर लांबीचं जहाज सुमारे ९५ लाख डॉलरना घेतलं. बिटकॉइनच्या अज्ञात जनकाच्या नावावरून त्याचं नाव 'सातोशी' ठेवलं. पनामाच्या आखातात ते कायमचं उभं करायचं, सातशेहून जास्त खोल्या विकायच्या आणि जगभरचे स्वतंत्र वृत्तीचे संगणकवाले तिथे गुण्यागोविंदानं नांदतील, असा बेत.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. त्यामुळे 'सातोशी'ची कथा मला परकी वाटत नाही. फक्त आमची इमारत जागची हलत नाही, एवढाच फरक. संभाव्य सभासदांना सांगण्यात आलं की खोलीत स्वयंपाक करायचा नाही, आगीची भीती असते. कुत्रं आणायचं तर अटी आहेत. राज्यसंस्थेविरुद्ध बंड करून समुद्रात निघालेल्या माणसाला पहिलं परिपत्रक कुत्र्याबद्दल यावं! आमच्या नोटीस बोर्डावर गेली कित्येक वर्षं हेच परिपत्रक आहे, आणि तेही बी विंगचं कुत्रं मानत नाही.

पुढचा प्रश्न सांडपाण्याचा. पनामाच्या पाण्यात ते सोडता येईना. म्हणजे ठरावीक दिवसांनी अख्ख्या राष्ट्रानं नांगर उचलायचा, बारा मैल बाहेर जायचं, मोकळं व्हायचं आणि परत येऊन राष्ट्र व्हायचं. आमच्या सोसायटीत एसटीपीचा विषय निघाला की लोक सभा सोडून जातात. इथे सभेसकट विषय बाहेर नेण्याची सोय होती. मग कळलं की पनामाच्या लेखी हे जहाजच राहणार, तरंगतं घर नव्हे. जहाज म्हटलं की खलाशी आले, तपासण्या आल्या, इंधन आलं. आणि शेवटी आला तो माणूस, ज्याच्यापुढे आजवर कुठल्याही क्रांतीचं काही चाललेलं नाही: विमा कंपनीचा. विमा कुणी देईना. राजे, नौदलं, न्यायालयं यांना भीक न घालणाऱ्या मंडळींनी एका नसलेल्या पॉलिसीपुढे हात टेकले.

जहाज अजून वाटेतच होतं आणि ते भंगारात काढायचं ठरलं. भंगार म्हटलं की आपल्या गुजरातचं अलंग. तिथे पाठवायची बोलणी झाली, तर बासेल करार आडवा आला: धोकादायक कचऱ्याची देशादेशांतली वाहतूक आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नव्हती. म्हणजे कायद्याच्या कचाट्यातून सुटायला घेतलेलं जहाज मोडीत घालायलाही कायदा आड आला. अखेर ते एका ब्रिटिश क्रूझ कंपनीकडे गेलं, आणि २०२२ पासून 'अँबियन्स' या नावानं लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून प्रवाशांना घेऊन जातं. टेम्सच्या मुखातून उत्तरेकडे निघालं की सीलँडची बाजू तीच. एखाद्या धुकट सकाळी ही दोन राष्ट्रं एकमेकांना पाहत असतील. राजदूत नेमायला हरकत नव्हती.

आता ते खरं बेट. आधीच सांगतो, इथे तुमची निराशा होईल.

कॅरिबियन समुद्रातलं अँग्विला. लांबी २६ किलोमीटर, वस्ती सोळा हजारांच्या आसपास. ब्रिटननं त्याला सेंट किट्सच्या दावणीला बांधलं होतं. मे १९६७ मध्ये अँग्विलाकरांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून घालवून दिलं आणि जुलैमध्ये सार्वमत घेतलं: वेगळं व्हायला १,८१३ मतं, विरोधात ५. (त्या पाच जणांशी बोलायला मला फार आवडलं असतं.) १९६९ मध्ये ब्रिटननं बंड मोडायला छत्रीधारी सैनिक आणि लंडनचे पोलीस उतरवले. एकही माणूस मेला नाही. मरणार कसा? बंडखोरांची मागणीच मुळी ही होती की आम्हाला सेंट किट्सच्या हाताखाली ठेवू नका, थेट तुमच्याच हाताखाली घ्या. स्वातंत्र्याच्या चळवळीचा इतका विचका दुसऱ्या कुणी केला नसेल.

तरी या बेटालाही मोठं होण्याची संधी चालून आली होती. व्हिन्स केट हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ १९९४ मध्ये तिथे येऊन स्थायिक झाले. कर नाही, कटकट नाही, आणि इंटरनेटवरून धंदा कुठूनही होतो. १९९७ मध्ये गुप्तलेखनशास्त्राच्या अभ्यासकांची एक परिषद त्यांनी इतरांबरोबर तिथे भरवली. असल्या वर्तुळात पुढचे बेटबहाद्दर एकमेकांना भेटले. हेवनकोचे हेस्टिंग्ज सीलँडला जाण्याआधी अँग्विलातच होते. अमेरिकन नागरिकाला परदेशात बसूनही गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर मोकळेपणी विकता येत नव्हतं, तर केट यांनी १९९८ मध्ये मोझांबिकचं नागरिकत्व घेतलं आणि अमेरिकेचं सोडून दिलं. दोन वर्षांत अमेरिकेनं ते निर्बंध बहुतांशी ढिले केले. तत्त्वासाठी देश सोडावा आणि मागून देशानं ते तत्त्व मान्य करावं, याला उत्तम टायमिंग म्हणतात.

या धामधुमीत केट यांच्याकडे एक किरकोळ काम होतं: बेटाच्या नावाची इंटरनेटवरची दोन अक्षरं सांभाळणं. प्रत्येक देशाला अशी अक्षरं असतात, आपल्याला .इन. अँग्विलाला मिळाली .एआय. तीही आधी दुसऱ्याची. फ्रेंचांच्या ताब्यातल्या अफार आणि इस्सा प्रदेशाला ती दिलेली होती. १९७७ मध्ये तो प्रदेश स्वतंत्र होऊन जिबुती झाला, अक्षरं मोकळी पडली आणि पुढे अँग्विलाकडे आली. स्वातंत्र्याची घाई केल्यानं जिबुतीचं काय गेलं, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नसावं.

कारण २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि जगातल्या प्रत्येक कंपनीला साक्षात्कार झाला की आपण पूर्वीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच धंद्यात होतो. हिंजवडीत परवापर्यंत पगारपत्रकं काढून देणारी मंडळी रात्रीतून .एआय झाली. तेव्हा दोन वर्षांचे साधारण १४० डॉलर पडायचे, घ्यायची तर दोन वर्षांचीच. त्यातला मोठा वाटा अँग्विलाच्या तिजोरीत. २०२३ मध्ये या दोन अक्षरांनी बेटाला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर दिले. सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. बाणेरच्या कॅफेत बसून जग बदलायला निघालेल्या पोरांनी पहिला हप्ता भरला तो एका बेटाला, आणि त्या बेटाचं नावही त्यांना ठाऊक नाही.

नायट्रोजन नाही, नौदल नाही, मुखपृष्ठ नाही. १८१३ जणांनी ब्रिटनच्या पायाशी राहायचा हट्ट धरला, आणि अर्ध्या शतकानंतर तंत्रज्ञानाच्या इतिहासातल्या सगळ्यात फायदेशीर बेट-उद्योगांपैकी एक त्यांच्या दारात आपसूक येऊन पडला. यात कर्तृत्व कुठे आहे? हेवनकोच्या पोरांनी समुद्रात डिझेलचा धूर खाल्ला, 'सातोशी'वाल्यांनी लाखो डॉलर ओतले, फुकेतच्या गृहस्थांनी मान सुळावर ठेवली. फळ मिळालं ते रांगेत नाव होतं त्याला. हा अन्याय मला सहन होत नाही.

बरं, पैसा आला तर निदान त्याचा काही उपयोग? एखादा फलाट घ्यावा, जहाज घ्यावं, आपलं नाणं काढावं. अँग्विलाच्या सरकारनं सत्तरी ओलांडलेल्यांना मोफत उपचार द्यायला घेतले, शाळेची राहिलेली इमारत आणि कामधंद्याचं शिक्षण देणारं केंद्र पुरं करायला काढलं. २०१७ च्या 'इर्मा' वादळानं बेटाचं छप्पर उडवलं होतं, तेव्हा हे सगळं लागणारच होतं म्हणे. आता विमानतळ वाढवायचं चाललंय, जास्त लोकांना बेटावर येता यावं म्हणून. जगभरचे बुद्धिमान लोक बेटावर जाऊन दार लावून घ्यायला धडपडताहेत, आणि यांना मिळालेल्या पैशातून दार मोठं करायचंय.